वाटी बुडवणारा

झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटातून बाहेर येऊन जिथे पाटात उतरायचं, तिथे कडेला कमरेएवढी एक दगडी टाकी होती. टाकीत एक तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक, सुईच्या नेढ्याहून जरा मोठं. रिकामी वाटी पाण्यावर ठेवली की भोकातून पाणी हळूहळू आत चढायचं. काठाशी आलं की वाटी एकदा डुलायची आणि मग बुडुक करून तळाला जायची. तेवढ्या वेळात पाटातून जे पाणी शेतात जाईल ते एका वाटीचं पाणी. कुणाला दहा वाट्या, कुणाला वीस. आठव्या दिवशी पाळी परत यायची.

वाटीवाल्याचं काम म्हटलं तर काहीच नव्हतं. बुडालेली वाटी काढायची, निथळायची, परत ठेवायची आणि फळीवर एक खडा सरकवायचा. खडे पुरे झाले की उभं राहून हाळी द्यायची, "सुटलं रे!" मग खाली शेतात एकानं पाटाचं मातीचं दार बांधायचं आणि दुसऱ्यानं मोडायचं. पण हे काहीच नसलेलं काम करायला माणूस असा लागायचा, की ज्याच्या शब्दावर चाळीस घरं पाणी पितील. मधे एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. मास्तरांचं घड्याळ आणि न्हाव्याचं घड्याळ यांचं आपसांत कधी जमेना, आणि जेवढी पाण्यावरून भांडणं नव्हती तेवढी घड्याळांवरून झाली. गाव मुकाट्यानं वाटीकडे परतलं.

वाटीवाल्याच्या आजानं वाटी सोडली, बापानं सोडली, आता हा सोडत होता. साठीला टेकलेला, अंगानं वाळका, बोटांची टोकं पाण्यानं कायमची सुरकुतलेली. कुणी थट्टेनं म्हणालं, "काका, आज जरा हळू बुडवा की," तर तो हसून वर बोट दाखवायचा. "मी ठेवतो. बुडवणारा तो."

आणि तो गायचा. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यानं गाऊन कथा सांगणाऱ्या एका बुवांना ऐकलं होतं. बुवा दोनदाच गावात आले, पण या पोराच्या कानात जन्माचे राहिले. खोट्या आळात सापडलेल्या एका माळ्याची कथा होती. तिच्यातलं अकरा कडव्यांचं एक पद त्याला मुखोद्गत होतं. एका वाटीला अकरा कडवी. पद संपायला आणि वाटी डुलायला एकच गाठ पडायची. पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. बैलाची घंटा आणि बैलाचं पाऊल बरोबर पडतं, हे काय कुणी सांगतं?

त्या वर्षी पाऊस लागोपाठ दुसऱ्यांदा कमी पडला आणि झरा मनगटाएवढा झाला.

*

त्या दिवशी मधल्याची पाळी होती. मधला म्हणजे तीन भावांतला दुसरा. धाकटा कधीच वारला होता, पण याचं नाव मधलाच राहिलं. थोरला आणि मधला यांना बापानं जमीन अगदी सारखी वाटून दिली होती. वीस वाफे याला, वीस त्याला. वीस वाट्या याला, वीस त्याला. पाणी सारखं मिळालं, माया तेवढी कुठेतरी मुरून गेली. सहा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. सकाळी थोरल्याची पाळी, ऊन डोक्यावर आलं की मधल्याची.

वाटीवाल्यानं हाळी दिली आणि थोड्याच वेळात मधला चढावरून वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर कुदळ, डोळे लाल. झऱ्यावर तीनचार बायका कपडे आपटत होत्या. तुतीच्या बुंध्याशी न्हावी एकाची दाढी करत होता.

"काका, किती झाल्या?"

"वीस. मोज की." वाटीवाल्यानं फळी पुढे केली.

"खडे वीस असतील. माझा एकोणिसावा वाफा कसाबसा भरलाय. विसाव्याला पाण्याचा वाससुद्धा नाही."

"पाट कुठे फुटला असेल, बाबा."

"दोनदा चालून बघितला. पाट नाही फुटला." त्यानं कुदळ खाली टेकवली. "ही पाचवी पाळी. चार वेळा गप्प बसलो. म्हटलं झरा आटला असेल. पण मग थोरल्याचे वीसच्या वीस कसे भरतात? त्याचा झरा वेगळा आहे का?"

कपडे आपटायचे थांबले.

"वाटी तीच आहे," वाटीवाला म्हणाला. "मी ठेवतो, बुडवणारा..."

"त्याला कशाला मधे घेता! पाणी काठाशी आलं की वाटीला बोट कुणाचं लागतं? त्याचं की तुमचं?"

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या जबड्यापाशी थांबला. एक गाल साफ, एक साबणानं भरलेला, असा तो माणूस मान वळवून बघायला लागला.

"कुणी शिकवलं हे तुला?" वाटीवाल्यानं हळूच विचारलं.

"शिकवायला कशाला लागतं? महिना-दीड महिन्यामागे तुमचं छप्पर कुणी शाकारलं? थोरल्यानं. फुकट. आणि माझा विसावा वाफा कधीपासून कोरडा? तेव्हापासून. मी शाळेत नापास झालो असेन काका, पण एवढी बेरीज येते मला."

छप्पर थोरल्यानं शाकारलं होतं, हे खरं होतं. वाटीवाल्याची कंबर धरली होती म्हणून. वाटीवाल्याच्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. पण पाणी हातात धरायला गेलं की जसं होतं, तसं त्याचं झालं. त्यानं वाटी निथळली, टाकीच्या कडेवर पालथी ठेवली आणि खडे पिशवीत भरले.

"उद्या मास्तरांकडे जाऊ," तो म्हणाला. "तू पण ये."

"येणारच. मी तर आत्ताच निघालोय."

*

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. लेक दारातच उभी. तिचा नवरा लांब कामाला असायचा, म्हणून ती सहा महिने माहेरी होती आणि आईपेक्षा चार पावलं पुढे होती.

"आबा, तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू?"

"काय बोलू म्हणजे! म्हणायचं, तुझ्या बापाच्या वेळेपासून माझ्या बापानं..."

"बसू दे गं त्यांना," आतून वाटीवालीण म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. हाताला कांद्याचा वास येत होता. दिवसभर ती स्वतःच्या कांद्याच्या वाफ्यांत खुरपत होती. वाटी सोडायची मजुरी म्हणून दर फेऱ्याला पाच वाट्या पाणी त्यांना मिळायचं, मधल्याच्या पाळीला लागूनच. त्यावर ते कांदे जगत होते आणि कांद्यावर हे घर.

"बोट लावलं म्हणाला?" तिनं विचारलं.

"हो."

"बोट झडेल त्याचं."

"अगं, असं नको म्हणूस. लेकराबाळांचा धनी आहे."

"मग काय म्हणू? जय हो म्हणू?"

वाटीवाला तांब्यातलं पाणी घटाघट प्यायला. "ज्याला सगळं दिसतं त्याला हेही दिसतं. मग मी गावभर ओरडत फिरायचं काय कारण आहे?"

"त्याला दिसतं हो," वाटीवालीण म्हणाली, "पण झऱ्यावरच्या बायकांना नाही ना दिसत."

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती पाणी भरायला गेली तेव्हा कुणी तिला काही बोललं नाही. नेहमी तिला बघून सरकणारी घागर त्या दिवशी सरकली नाही, एवढंच. ती उभी राहिली, तिघींच्या घागरी भरल्या, चौथीनं हातपाय धुतले, मग हिची पाळी आली. सुताराची बायको जाताजाता म्हणाली, "तुमचं काय बाई, तुमच्या हातात वाटी आहे." सगळ्या हसल्या. वाटीवालीणही हसली. घरी येऊन तिनं घागर एवढ्या जोरात ठेवली की अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडलं.

*

पाण्याचा कारभार मास्तरांकडे होता. शाळेतून निवृत्त झालेले, कानानं थोडे कमी. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मधला ओरडून बोलला म्हणून त्याचं सगळं ऐकू आलं. वाटीवाल्याचं अर्धंच आलं.

"असं करू," ते म्हणाले, "पुढच्या पाळीला टाकीजवळ एक माणूस बसेल. डोळ्यांत तेल घालून बघेल. वाटी ठेवून झाली की वाटीवाल्यानं हात काखेत धरायचे. बुडाली की काढायची, परत हात काखेत. नंतर शाळेच्या पडवीत बसू. दोष निघाला तर वाटी दुसऱ्या घरी जाईल."

"कोण बसेल?" मधल्यानं विचारलं.

"न्हावी. त्याला गावातल्या सगळ्यांचे कान सारखेच दिसतात."

वाटीवाला मान खाली घालून उभा होता. तीन पिढ्यांत कुणी त्या टाकीजवळ पहारा बसवला नव्हता. काखेत हात धरून उभं राहायची शिक्षा मास्तर शाळेत चोरी करणाऱ्या पोरांना द्यायचे, हे सगळ्यांना आठवलं. मास्तरांना मात्र आठवलं नसावं. बाहेर आल्यावर त्यानं वर बघितलं. आभाळ निरभ्र, पांढरं, कोरडं. 'बघतोयस ना,' एवढंच तो मनात म्हणाला आणि घराकडे वळला.

आठ दिवस त्यानं वाटी सोडली. लोक येत, फळीवरचे खडे मोजत. पूर्वी कुणी मोजत नसे. एकानं वाटी हातात घेऊन भोक उन्हाकडे धरून बघितलं. वाटीवाला गायचा मात्र थांबला होता.

*

पाळीच्या दिवशी न्हावी सकाळीच घोंगडी घेऊन आला. थोरल्याच्या वीस वाट्या झाल्या, सगळ्यांनी बघितल्या. ऊन डोक्यावर आलं. मधला खाली दार मोडायला गेला. वाटीवाल्यानं वाटी ठेवली आणि दोन्ही हात काखेत धरले.

चार वाट्या शांततेत गेल्या. न्हावी एकदा वाटीकडे बघायचा, एकदा हातांकडे. शेवटी त्याला राहवेना.

"वाटीवाले, मी मुका बसलो तर मरेन हो. वस्तरा हातात नसला तर माझं तोंड चालतं आणि तोंड चालायचं नसेल तर मला झोप येते. म्हणा काहीतरी. तुमचं ते माळ्याचं म्हणा."

"आता कसलं गाणं?"

"म्हणा हो. गाण्यानं वाटी बुडते असं काही मधल्यानं म्हटलेलं नाही."

वाटीवाला हसला, कितीतरी दिवसांनी. वाटी ठेवली, हात काखेत घेतले आणि पहिलं कडवं उचललं. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. न्हावी मान डोलवायला लागला. दहा कडवी झाली. अकरावं आलं:

*दारी तुझ्या उभा, नाही पुसे कोणी,*
*तुझ्या एका कानी...*

'नाही पुसे कोणी' म्हणता म्हणताच वाटी डुलली. 'तुझ्या एका' तोंडात असतानाच बुडुक झाली.

"माझी हाक," न्हाव्यानं चरण पुरा केला. "वा! काय पण ठेका दिला वाटीनं."

वाटीवाल्याचं लक्ष वाटीकडे होतं. पद संपायच्या आधी वाटी बुडाली होती. दोन चरण आधी. कंबर धरल्यापासून दुपारी तो नुसता गुणगुणायचा, पद पुरं असं म्हटलंच नव्हतं. त्याला वाटलं, आठ दिवस गायलो नाही, गळा रेंगाळला असेल. त्यानं पुढच्या वाटीला परत म्हटलं, जरा उचलून. परत तेच. त्याच्या पुढच्या वाटीला तर 'पुसे कोणी' अर्धवट राहिलं.

वाटी काढायला त्यानं हात पाण्यात घातला आणि तसाच राहू दिला. पाणी कोमट होतं. कोमट कसलं, आंघोळीला काढावं तसं. सकाळी याच टाकीत हात घातला तेव्हा बोटं ठणकली होती. त्यानं मान वर केली. तुती उभी होती, पण नुसता बुंधा आणि चार खुंट. दीड महिन्यामागे चाऱ्याची टंचाई झाली तेव्हा फांद्या शेळ्यांसाठी तोडल्या होत्या. मधल्यानंच तोडल्या, आधी येऊन विचारलं होतं, "काका, झऱ्यावरची तुती छाटू का?" आणि यानं मान हलवली होती. तेव्हापासून दुपारभर ऊन सरळ टाकीत पडत होतं.

"हात!" न्हावी ओरडला. "हात काखेत, वाटीवाले! मला साक्ष द्यायचीय."

वाटीवाल्यानं वाटी काढली, ठेवली आणि हात काखेत घेतले. राहिलेल्या सगळ्या वाट्यांना तो मनात पद म्हणत राहिला. एकदाही ते पुरं झालं नाही.

विसावी वाटी बुडाली. खालून मधल्याचा आवाज आला, "विसावा कोरडा! या बघायला!"

न्हावी उठून पंचा झटकत म्हणाला, "तुम्ही घाबरू नका. हात काखेबाहेर आले नाहीत, मी देवाशपथ सांगेन. एवढा वेळ मी माझ्या बायकोकडेसुद्धा बघितलं नाही जन्मात."

*

न्हाव्याच्या मागून वाटीवाला खाली उतरला, वाफे बघायला. दीड महिन्यात तो इकडे फिरकला नव्हता; आपण बरोबर आहोत हे माहीत असल्यावर माणूस बघायला कशाला जाईल? एकोणीस वाफे हिरवे होते. विसाव्यातली काकडीची रोपं जमिनीला चिकटली होती; पानं हातात घेतली तर चुरा झाला. आता यांना कितीही पाणी दिलं तरी ती उठणार नव्हती. मधल्याची बायको बांधावर बसली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फटफटताच वाटीवाला झऱ्यावर गेला. गार पाण्यात वाटी सोडली, पद म्हटलं. 'माझी हाक' आणि बुडुक, बरोबर एकदम. दुपारी दुसऱ्याची पाळी होती, दहाच वाट्यांची, म्हणून त्याला तूट कधी जाणवली नव्हती. अकराव्या कडव्याचे दोन चरण बाकी असतानाच वाटी गेली. वाटीला दोन चरण, वीस वाट्यांना चाळीस चरण. अकरा कडव्यांचे चरण होतात चव्वेचाळीस. म्हणजे वाटीभर पाण्यापेक्षा थोडंच कमी. एक वाफा.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा वाटीवालीण विळीवर बसली होती. ती चिरायची थांबली.

"कुणाला बोललात हे?"

"नाही अजून. उद्या पडवीत बोलेन."

"अहो, वेडे झालात का?" ती उठून उभी राहिली. "न्हावी साक्ष देणार, हात काखेत होते म्हणून. मास्तर म्हणतील दोष नाही. संपलं. वाटी आपल्याकडे, अब्रू आपल्याकडे. आणि तुम्ही उठून सांगणार की त्याचं पाणी कमी गेलं?"

"गेलं आहे ना."

"आबा, गुपचूप टाकीवर एक चटई बांधा," लेक म्हणाली. "पाणी बरोबर होईल. कुणाला कळायचंही नाही."

वाटीवाला भिंतीला टेकून बसला. हातांच्या सुरकुत्यांवर अंगठा फिरवत राहिला.

"मी रोज म्हणत होतो, देवा, खरं काय ते दाखव," तो म्हणाला. "माझ्या मनात होतं, की मधला खोटा आहे हे दाखव. त्यानं दाखवलं ते वेगळंच निघालं. तो माझ्याबद्दल खोटं बोलला, पण पाण्याबद्दल खरं बोलला. आता मी अर्धंच उचलू का? देवाच्या दारात न्याय मागायचा आणि आपल्या सोयीचा तेवढा तुकडा तोडून घरी आणायचा?"

"आणि वाटी गेली तर?"

"तर गेली."

"कांदे?"

वाटीवालीण परत विळीवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या तो सदरा घालू नका, बाह्या फाटल्यात. मी शिवून ठेवते दुसरा."

*

शाळेच्या पडवीत तीसएक माणसं जमली. बायका खिडकीबाहेर. न्हाव्यानं साक्ष दिली, जरा तिखटमीठ लावूनच दिली. मधला म्हणाला, "न्हावी त्यांचं गाणं ऐकत डुलत होता, त्याला काय दिसणार!" हशा झाला. मास्तरांनी हात वर केला.

"दोष दिसत नाही. वाटी आहे त्याच..."

"मास्तर, थांबा," वाटीवाला उठला. शिवलेल्या सदऱ्याची बाही त्याला दंडात ताठत होती. "मधल्याचं पाणी कमी गेलं. एका पाळीला जवळजवळ एक वाटी. सहा पाळ्या. हे खरं आहे."

पडवीत असा गलका उठला की शाळेवरची पाखरं उडाली. "अरे, कबूल झाला!" कुणीतरी ओरडलं. "तीन पिढ्या लुटलं की!" खिडकीत वाटीवालीण उभी होती. तिनं गज दोन्ही हातांनी धरला, पण जागची हलली नाही. मधला तोंड उघडं ठेवून बघत राहिला. आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"बोट लावलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. ऊन लागलं. तापल्या पाण्यात वाटी लवकर बुडते. मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं."

"हे कुठलं नवीन शास्त्र काढलं?" मधला भानावर आला.

"चल, बघू," वाटीवाला म्हणाला. "तुझ्या डोळ्यांनी बघ. वाटीही तूच ठेव."

सगळा जमाव भर दुपारी झऱ्यावर गेला. सुतारानं एक लाकडी पिंप आणलं, ते डोंगराच्या कड्याखाली सावलीत ठेवून झऱ्याच्या ताज्या पाण्यानं भरलं. मास्तरांनी खिशातलं घड्याळ काढलं. ते नेहमी चुकीची वेळ दाखवायचं, पण चालायचं नीट. मधल्यानं आधी दगडी टाकीतल्या तापल्या पाण्यात वाटी ठेवली. सगळे वाकून बघू लागले. बुडाली. मग पिंपात ठेवली. टाकीच्या वेळेला घड्याळाचा काटा पोचला तेव्हा पिंपातली वाटी अजून निवांत तरंगत होती. सेकंदकाटा आणखी अर्धा फेरा पुढे गेला, मग ती डुलली.

"परत," मधला म्हणाला. परत केलं. तिसऱ्यांदा केलं. तीनदा तेच.

मग कुणीतरी तुतीच्या खुंटांकडे बघितलं. त्याच्याकडे बघून दुसऱ्यानं. कुजबुज पसरली आणि न्हावी खो खो हसत सुटला. "अरे मधल्या! आपल्याच कुऱ्हाडीनं आपलंच पाणी तोडलंस की रे! शेळ्यांनी खाल्ला तुझा विसावा वाफा!"

लोक हसायला लागले. मधल्याच्या मानेवर लाली चढत गेली, कानांपर्यंत. त्यानं वाटी घट्ट धरली होती. थोरला मागे उभा होता. तोही हसत होता, पण भावाकडे बघितल्यावर थांबला.

"हसू नका," वाटीवाला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तरी हसणं विरलं. "तो मला विचारायला आला होता. मान मी हलवली. शेळ्या त्याच्या एकट्याच्या नव्हत्या, निम्म्या गावाच्या होत्या. टाकी सांभाळायची माझी आणि दुपारी पाण्याला हात लावून बघायची अक्कलही माझीच." तो मास्तरांकडे वळला. "सहा वाट्या त्याच्या निघतात. या फेऱ्याला माझ्या मजुरीच्या पाच त्याला सोडतो, पुढच्या फेऱ्याला एक. दुपारच्या बाकीच्यांचं जे निघेल तेही मजुरीतूनच फेडतो. टाकीवर आजच छप्पर घालतो. यावर गावाला जे वाटेल ते करावं."

मास्तरांनी सगळ्यांकडे बघितलं. मग सुताराची बायको बायकांतून म्हणाली, "वाटी दुसऱ्या घरी नेली तर गाणार कोण तिथे?" आणि तो प्रश्न तिथेच संपला.

मधल्यानं वाटी टाकीच्या कडेला ठेवली आणि चढ उतरून गेला.

*

त्या सहा दिवसांत तो वाटीवाल्याच्या घरी आला नाही. लेक म्हणाली, "माफी मागायला पाय झिजतात का?" वाटीवाला म्हणाला, "झिजत नाहीत, जड होतात." वाटीवालीण शेतात होती. या फेऱ्याला पाणी मिळणार नव्हतं, तेव्हा कांद्यांची माती भुसभुशीत करून ठेवली तर ओल चार दिवस टिकेल, म्हणून ती भर उन्हात खुरपत होती.

पाळीचा दिवस आला. टाकीवर चार बांबू आणि गवताचं छप्पर उभं होतं, पाणी हाताला गार लागत होतं. मधल्याच्या वीस वाट्या पुऱ्या झाल्या. वाटीवाला उभा राहिला आणि नेहमीच्या हाळीऐवजी ओरडला, "चालू ठेव रे, अजून पाच तुझ्याच!"

त्यानं एकविसावी वाटी ठेवली.

खाली वाटीवालीण वाकून खुरपत होती. कोरड्या सरीत आधी मुंग्या पळाल्या, मग काटक्या वाहत आल्या आणि मग पाणी. तिला वाटलं पाट फुटला. ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. वरच्या बांधाशी मधला उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं स्वतःच्या शेताचं दार मातीनं पक्कं बांधलं होतं आणि आता कुदळीनं कांद्याच्या वाफ्याचं दार मोडत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता, इतकं मन लावून की जन्मात कधी पाणी बघितलं नसावं.

पहिला वाफा भरला. त्यानं तो बांधला आणि पाणी पुढे ढकललं. वाटीवालीण खुरपं हातात धरून उभी होती. पंधरा दिवस साठवलेलं बरंच काही तिच्या जिभेवर होतं. त्यातलं पहिलं काय काढावं हे ती ठरवत होती, तेवढ्यात त्यानं तिसऱ्या वाफ्याकडे कुदळ वळवली.

"अरे, तिकडून नको," ती म्हणाली. "तिथे उंचवटा आहे, पाणी चढत नाही. आधी हा भर."

"बरं, काकू," मधला म्हणाला आणि त्यानं पाणी तिनं दाखवलेल्या बाजूला वळवलं.